ऑर्गनॉइड आणि रुग्णानुरूप कर्करोगोपचार : दाव्यांची एक चिकित्सा

सारांश

रुग्णाच्या गाठीतील पेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या सूक्ष्म ऊती-प्रतिकृतींना ‘ऑर्गनॉइड’ असे म्हणतात. अशा प्रतिकृतींवर औषधे आधी तपासून त्या विशिष्ट रुग्णासाठी योग्य औषध निवडता येईल, असा दावा गेल्या दशकभरात सातत्याने केला गेला आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याचा आधार असलेल्या प्रमुख अभ्यासांची चिकित्सा केली आहे. कोणते औषध उपयोगी पडणार नाही हे सांगण्याची ऑर्गनॉइडची क्षमता आणि कोणते उपयोगी पडेल हे सांगण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपलब्ध पुरावा पहिल्या क्षमतेकडे झुकतो, प्रचार मात्र दुसरीचा होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ऑर्गनॉइड, रुग्णानुरूप उपचार, औषधसंवेदनक्षमता, भाकितमूल्य, पुराव्याची चिकित्सा.

प्रस्तावना

कर्करोगावरील औषधोपचाराची एक जुनी अडचण अशी आहे की, एकाच अवयवाचा, एकाच अवस्थेतील कर्करोग असलेल्या दोन रुग्णांना एकच औषध दिले तरी एकाची गाठ आकसते आणि दुसऱ्याची वाढतच राहते. दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याला औषधाचे दुष्परिणाम येतात, खर्च येतो आणि हाताशी असलेला मर्यादित काळ निघून जातो. औषध शरीरात जाण्यापूर्वीच त्याचा परिणाम कळावा, ही अपेक्षा म्हणूनच अत्यंत स्वाभाविक आहे. जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या लघवीतील किंवा रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे पाहण्याची ‘कल्चर’ची पद्धत सर्वपरिचित आहे. कर्करोगाच्या बाबतीतही असेच का करता येऊ नये, हा प्रश्न ऑर्गनॉइड-संशोधनाच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचे उत्तर देताना विज्ञानविषयक लेखनात उत्साहाची भाषा अधिक आणि चिकित्सेची भाषा कमी आढळते. ‘लघु-अवयव’, ‘लघु-गाठी’, ‘रुग्णाचा अवतार’ अशी शब्दयोजना सर्रास केली जाते. वस्तुतः या क्षेत्रातील मूळ संशोधकांनी आपल्या निष्कर्षांच्या मर्यादा बऱ्याच अंशी स्पष्टपणे नोंदविल्या आहेत. त्या मर्यादा पुढील लेखनात गळून पडतात आणि टक्केवारी तेवढी शिल्लक राहते. प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट ही टक्केवारी पुन्हा तिच्या संदर्भात ठेवून पाहणे, हे आहे.

ऑर्गनॉइडची संकल्पना व जडणघडण

ऑर्गनॉइडच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ आतड्याच्या अभ्यासातून झाला. आतड्याचे अस्तर काही दिवसांतच झिजते आणि पुन्हा नव्याने तयार होते. हे नवनिर्माण करणाऱ्या मूलपेशी एलजीआर-५ या खुणेने ओळखता येतात, हे नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील ह्युब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखविले. त्यानंतर २००९ मध्ये त्याच गटातील तोशिरो सातो व सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यातील अशा एकाच मूलपेशीपासून अस्तराची घडी, तिचे खोलगट कोनाडे आणि उंचवटे यांसह एक सूक्ष्म रचना प्रयोगशाळेत उभी केली. २०११ मध्ये हीच पद्धत मानवी आतड्याच्या निरोगी व कर्करोगग्रस्त पेशींना लागू करण्यात आली. २०१५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या वीस रुग्णांच्या गाठींपासून ऑर्गनॉइडची एक ‘जिवंत पेढी’ उभारली गेली आणि तिच्यावर ८३ संयुगांची चाचणी घेण्यात आली. औषधपरीक्षेसाठी ऑर्गनॉइड मोठ्या प्रमाणावर वापरता येतात, हे या कार्याने सिद्ध झाले.

कार्यपद्धती थोडक्यात अशी : बायोप्सीत मिळालेला गाठीचा लहानसा तुकडा विकरांच्या साहाय्याने सुटा केला जातो. त्यातील पेशी एका मऊ जेलमध्ये रोवल्या जातात आणि त्यांना वाढीस आवश्यक अशी प्रथिने पुरविली जातात. पेशी विभाजित होत होत त्रिमितीय गोलके तयार करतात. ही गोलके पुरेशी झाली की ती अनेक कप्प्यांत वाटून प्रत्येक कप्प्यात वेगळे औषध वा वेगळी मात्रा घातली जाते आणि काही दिवसांनी किती पेशी जिवंत राहिल्या हे मोजले जाते.

पूर्वीच्या पद्धतीत पेशी काचेच्या वा प्लॅस्टिकच्या सपाट पृष्ठभागावर पसरून वाढविल्या जात. तेथे वर्षानुवर्षे वाढलेल्या पेशी मूळ गाठीपासून पुष्कळ दूर गेलेल्या असत. याउलट ऑर्गनॉइड रुग्णाच्या गाठीतील जनुकीय बदल मोठ्या प्रमाणात जपून ठेवतात. हे यश निर्विवाद आहे आणि पुढील चिकित्सेने ते कमी होत नाही. प्रश्न आहे तो या यशापासून रुग्णाच्या उपचारापर्यंत जाणाऱ्या वाटेचा.

‘अवतार’ या संज्ञेची मर्यादा

रुग्णापासून घडविलेल्या ऑर्गनॉइडला इंग्रजी वैद्यकीय लेखनात रुग्णाचा ‘अवतार’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द भारतीय परंपरेतून गेलेला असल्याने मराठी वाचकाला तो विशेष परीक्षणीय वाटावा. आपल्याकडील अवतारकल्पनेत पूर्णावतार आणि अंशावतार असा भेद केला जातो. वैद्यकीय लेखनात तो शब्द जाताना हा भेद मात्र मागे राहिला. ऑर्गनॉइड हा फार तर अंशावतार होय.

तो अंश कोणता, हे पाहणे आवश्यक आहे. प्रचलित पद्धतीने वाढविलेल्या ऑर्गनॉइडमध्ये प्रामुख्याने अस्तरपेशी असतात. प्रत्यक्ष गाठीत मात्र त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या असतात, संयोजी ऊतीच्या पेशी असतात, रोगप्रतिकारक पेशी असतात. जी औषधे थेट कर्कपेशीवर आघात करतात त्यांची काही परीक्षा ऑर्गनॉइडवर होऊ शकते. परंतु जी औषधे रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात किंवा रोगप्रतिकारक पेशींना जागृत करतात, त्यांचे लक्ष्यच या नमुन्यात उपस्थित नसते. रोगप्रतिकारक पेशींना ऑर्गनॉइडसोबत वाढविण्याचे प्रयत्न २०१८ पासून प्रसिद्ध झाले असून ते आशादायक आहेत. तथापि त्यामुळे नमुन्यातील उणीव मान्य झाल्याचेच दिसते.

ज्या जेलमध्ये पेशी रोवल्या जातात ते मॅट्रिजेल मुळात उंदराच्या एका सार्कोमा गाठीपासून मिळविलेले असते. त्याची घटकरचना प्रत्येक खेपेस तंतोतंत सारखी नसते. मानवी रुग्णाची प्रतिकृती उंदराच्या गाठीच्या अर्कात वाढते, ही बाब वैयक्तिकतेचा दावा करताना सहसा सांगितली जात नाही.

तिसरी मर्यादा नमुना घेण्याची आहे. चार्ल्स स्वाँटन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या कर्करोगाविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच गाठीच्या निरनिराळ्या भागांची जनुकीय तपासणी केली असता सुमारे दोनतृतीयांश उत्परिवर्तने सर्व भागांत सारखी आढळली नाहीत. म्हणजेच सुईने काढलेला तुकडा त्या जागेचा प्रतिनिधी असतो, संपूर्ण रोगाचा असेलच असे नाही. शिवाय प्रयोगशाळेत कोणत्या पेशी जगतील याचीही एक निवड होत असते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर कर्कपेशींऐवजी शेजारच्या निरोगी पेशीच जोमाने वाढून नमुना व्यापतात, असे आढळले आहे. अशा वेळी परीक्षा रोगाची होते की निरोगी ऊतीची, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

एका विस्मृत इतिहासाचे स्मरण

रुग्णाच्या पेशींवर औषध आधी तपासण्याची कल्पना ऑर्गनॉइडइतकी नवी नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठात अॅन हॅम्बर्गर आणि सिडनी सॅमन यांनी मानवी गाठींतील पेशींच्या वसाहती मऊ अगारमध्ये वाढविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रत्येक रुग्णासाठी औषध निवडण्याचे साधन सापडले, अशी आशा त्या काळीही मोठ्या प्रमाणावर व्यक्त झाली. १९८३ मध्ये सेल्बी, ब्युइक आणि टॅनॉक यांनी या पद्धतीची कठोर चिकित्सा प्रसिद्ध केली. अनेक गाठींच्या पेशी वाढतच नसत आणि ज्या वाढत त्यांच्या वसाहती खरोखर एका पेशीपासून उद्भवल्या की आधीच्या पुंजक्यांपासून, याबद्दल शंका होत्या. १९९० मध्ये डॅनियल व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेने सुचविलेले औषध आणि डॉक्टरांनी निवडलेले औषध यांची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेच्या गटात गाठ आकसण्याचे प्रमाण अधिक आढळले, परंतु रुग्णांच्या आयुर्मर्यादेत फरक दिसला नाही. अखेर २००४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेने अशा परीक्षांचा वापर संशोधनाबाहेर करू नये, अशी शिफारस केली आणि २०११ च्या पुनरावलोकनातही मूळ भूमिका कायम ठेवली.

हा इतिहास ऑर्गनॉइडच्या विरोधात पुरावा म्हणून मांडता येणार नाही, कारण तंत्र पुष्कळ सुधारले आहे. मात्र या इतिहासाने एक निकष निश्चित केला आहे. प्रयोगशाळेतील निकाल आणि रुग्णाचा प्रतिसाद यांत मेळ दिसणे ही पहिली पायरी होय. त्या निकालानुसार उपचार केल्याने रुग्णाचे आयुष्य वाढणे वा सुसह्य होणे ही निर्णायक पायरी होय. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही. ऑर्गनॉइडविषयीच्या अभ्यासांकडे याच निकषाने पाहणे योग्य ठरेल.

टक्केवारीमागील संख्या : २०१८ चा अभ्यास

या क्षेत्रातील सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या अभ्यासांपैकी एक लंडन येथील इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील निकोला व्हॅलेरी यांच्या गटाने २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पचनमार्गाच्या, शरीरात इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या ७१ रुग्णांकडून ११० बायोप्सी घेऊन त्यांपासून ऑर्गनॉइड वाढविण्यात आले. रुग्णाचा औषधाला मिळालेला प्रतिसाद आणि त्याच्या ऑर्गनॉइडचा प्रतिसाद यांची तुलना केली असता पुढील आकडे मिळाले : संवेदनक्षमता १०० टक्के, विशिष्टता ९३ टक्के, होकारात्मक भाकितमूल्य ८८ टक्के आणि नकारात्मक भाकितमूल्य १०० टक्के.

हे आकडे प्रभावी आहेत आणि पुढील लेखनात ते वारंवार उद्धृत झाले. परंतु ही टक्केवारी ७१ रुग्णांची नाही, ती एकूण २१ तुलनांवर आधारलेली आहे. टक्केवारी संख्येत रूपांतरित केली तर चित्र असे दिसते : सात वेळा प्रत्यक्ष रुग्णात औषध लागू पडले आणि त्या सातही वेळा ऑर्गनॉइडने तसे सांगितले होते. चौदा वेळा औषध लागू पडले नाही. त्यांपैकी तेरा वेळा ऑर्गनॉइडने नकार दिला होता आणि एकदा चुकीचा होकार दिला होता.

सातपैकी सात म्हणजे शंभर टक्के, हे अंकगणित बरोबर आहे. परंतु संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेने पाहिले तर सातपैकी सात या निरीक्षणाशी सुसंगत अशी खरी संवेदनक्षमता ५९ टक्क्यांपर्यंत खाली असू शकते. होकारात्मक भाकितमूल्याच्या, म्हणजे आठपैकी सात या निरीक्षणाच्या, बाबतीत ही खालची मर्यादा ४७ टक्के येते. तेरापैकी तेरा या नकारात्मक भाकितमूल्याच्या बाबतीत ती ७५ टक्के येते. ‘शंभर टक्के’ हा शब्दप्रयोग वाचकाच्या मनात जी खात्री निर्माण करतो ती या संख्यांत नाही.

याहून सूक्ष्म मुद्दा मूळ प्रमाणाचा आहे. या रुग्णांपैकी बहुतेकांवर आधी अनेक उपचार होऊन गेलेले होते. अशा रुग्णांमध्ये नवे औषध लागू न पडण्याचीच शक्यता अधिक असते. येथे २१ पैकी १४ वेळा, म्हणजे ६७ टक्के वेळा, तसेच घडले. कोणतीही परीक्षा न करता प्रत्येक वेळी ‘लागू पडणार नाही’ असे सरसकट सांगणाराही ६७ टक्के वेळा बरोबर ठरला असता. ऑर्गनॉइडच्या नकाराची खालची मर्यादा ७५ टक्के ही या ६७ टक्क्यांच्या वर आहे, म्हणून त्यात खरी माहिती आहे असे म्हणता येते. पण त्या माहितीचे मोल शून्य आणि शंभर यांतील अंतराने नव्हे, तर ६७ च्या वर ती किती जाते यावरून ठरवावे लागेल. कोणत्याही भाकिताची परीक्षा करताना हा विचार प्राथमिक मानला जातो. ऑर्गनॉइडविषयीच्या लोकप्रिय लेखनात तो अभावानेच दिसतो.

येथे मूळ संशोधकांवर दोषारोप करण्याचे कारण नाही. नव्या पद्धतीची शक्यता दाखविणे हे त्या अभ्यासाचे कार्य होते व ते त्याने उत्तम रीतीने केले. दोष असेल तर तो शक्यतेच्या पुराव्याला सिद्धतेचा पुरावा मानणाऱ्या वाचनाचा आहे.

होकार आणि नकार : २०१९ व २०२१ चे अभ्यास

अॅमस्टरडॅम येथील नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये एमिल फूस्ट यांच्या गटाने याच प्रश्नावर दोन टप्प्यांत काम केले. हे दोन अभ्यास एकत्र वाचल्यास ऑर्गनॉइडच्या सामर्थ्याचे आणि मर्यादेचे सर्वांत स्पष्ट दर्शन घडते.

पहिला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात इरिनोटेकॅनवर आधारित उपचार घेणाऱ्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांचा प्रतिसाद ऑर्गनॉइडने अचूक वर्तविला. विशेष म्हणजे ज्यांना उपचाराचा लाभ झाला असता अशा एकाही रुग्णाला ऑर्गनॉइडने चुकून ‘लाभ नाही’ या गटात टाकले नाही. मात्र ५-फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्झालिप्लॅटिन या जोडीच्या बाबतीत ही परीक्षा अपयशी ठरली. म्हणजेच एकच रोग, एकच प्रयोगशाळा आणि एकच पद्धत असताना एका औषधाच्या बाबतीत भाकीत जमले व दुसऱ्याच्या बाबतीत जमले नाही. ऑक्झालिप्लॅटिनच्या परिणामात गाठीभोवतालच्या इतर पेशींचा वाटा असणे हे यामागील एक संभाव्य कारण असू शकते. ‘ऑर्गनॉइड औषधाचा परिणाम सांगतो’ हे सर्वसाधारण विधान म्हणूनच अर्धवट ठरते. कोणत्या औषधाचा, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

दुसरा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे केवळ तुलना न करता ऑर्गनॉइडच्या निकालानुसार रुग्णाला प्रायोगिक औषध देण्यात आले. वर उल्लेखिलेली दुसरी, निर्णायक पायरी चढण्याचा हा प्रयत्न होता. त्याची आकडेवारी क्रमाने पाहण्यासारखी आहे. अभ्यासात ६१ रुग्ण सहभागी झाले. त्यांपैकी ५४ जणांच्या बाबतीत ऑर्गनॉइड वाढविण्याचा प्रयत्न करणे शक्य होते. ३१ जणांचे ऑर्गनॉइड यशस्वीरीत्या वाढले, म्हणजे ५७ टक्के. २५ जणांच्या ऑर्गनॉइडवर औषधपरीक्षा झाली. १९ जणांच्या ऑर्गनॉइडने एका वा अधिक औषधांना लक्षणीय प्रतिसाद दिला. प्रत्यक्ष औषध मिळाले ते सहा रुग्णांना : तिघांना व्हिस्टुसर्टिब आणि तिघांना कॅपिव्हासर्टिब. या सहांपैकी एकाही रुग्णात गाठ आकसल्याचा वस्तुनिष्ठ प्रतिसाद आढळला नाही.

संशोधकांनी हा निकाल लपविला नाही. या रुग्णसमूहात ऑर्गनॉइडचे उपचारमूल्य मर्यादित ठरले, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच नोंदविला. ऑर्गनॉइड न वाढणे, दरम्यानच्या काळात रुग्णाची प्रकृती खालावणे आणि परीक्षेसाठी निवडलेल्या औषधांची यादी, या बाबींकडे त्यांनी लक्ष वेधले. प्रतिकूल निकाल इतक्या स्पष्टपणे प्रसिद्ध होणे हे कोणत्याही ज्ञानशाखेत आदर्श मानावे लागेल.

मात्र जो न्याय २०१८ च्या अभ्यासाला लावला तोच या अभ्यासालाही लावणे प्राप्त आहे. सहापैकी शून्य या निरीक्षणाची वरची विश्वासमर्यादा ४६ टक्के येते. म्हणजे ऑर्गनॉइडचा होकार नेहमीच फसवा असतो, असा निष्कर्ष यातून काढणे हेही तितकेच चुकीचे होईल. शिवाय कॅपिव्हासर्टिब हे औषध निरुपयोगी आहे असेही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी, अन्य औषधाच्या जोडीने, त्याला मान्यता मिळाली. यावरून एवढेच म्हणता येते की, जेलमधील पेशी मरतात म्हणून शरीरातील गाठ आकसेल, हे अनुमान पुरेसे सुरक्षित नाही.

याचे एक कारण ‘प्रतिसाद’ या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. प्रयोगशाळेत प्रतिसाद म्हणजे काही दिवसांत जिवंत पेशींचे प्रमाण कमी होणे. रुग्णाच्या बाबतीत प्रतिसाद म्हणजे स्कॅनवर मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटणे. पहिल्या मोजमापात औषधाची मात्रा संशोधक ठरवितो. दुसऱ्यात ती यकृत, मूत्रपिंड, रक्तपुरवठा आणि रुग्णाची सहनशक्ती यांवर अवलंबून राहते. औषध कर्कपेशीला थेटही मारू शकत नसेल तर शरीरातही ते मारण्याची शक्यता कमी, हे तर्कशुद्ध आहे, म्हणून नकार तुलनेने विश्वसनीय ठरतो. औषध मोकळ्या पेशीला मारू शकते यावरून ते शरीरातील सर्व अडथळे ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचेल हे मात्र सिद्ध होत नाही. होकार आणि नकार यांच्या विश्वसनीयतेतील हा फरक आकस्मिक नसून नमुन्याच्या रचनेतच आहे.

एक उपयुक्त तुलना : सिस्टिक फायब्रोसिस

ऑर्गनॉइडच्या आधारे रुग्णानुरूप उपचार होऊच शकत नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर कर्करोगाबाहेरील एका उदाहरणात मिळते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात एकाच जनुकातील दोषामुळे पेशीतून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते. अशा रुग्णाच्या गुदाशयातील पेशींपासून वाढविलेल्या ऑर्गनॉइडला फोर्स्कोलिन हे द्रव्य दिले असता निरोगी ऑर्गनॉइड फुगतात, रोगग्रस्त फुगत नाहीत वा कमी फुगतात. योग्य औषध दिल्यास ते पुन्हा फुगू लागतात. उट्रेख्ट येथील संशोधकांनी ही परीक्षा २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. २०१६ मधील पुढील अभ्यासात, अतिशय दुर्मीळ जनुकरचना असलेल्या रुग्णांसाठीही तिचा उपयोग झाल्याचे दिसून आले.

येथे होकार विश्वसनीय का ठरला? कारण रोग एका जनुकाचा आहे, बिघाड एका प्रथिनाचा आहे आणि मोजले जाणारे फुगणे हे त्याच प्रथिनाच्या कार्याचे थेट माप आहे. शिवाय रोगाचे स्वरूप आठवड्यागणिक बदलत नाही. कर्करोगात यांपैकी एकही अट पूर्णतः लागू होत नाही. म्हणूनच एका क्षेत्रातील यशाचा दाखला दुसऱ्या क्षेत्रात देताना सावधगिरी आवश्यक ठरते.

भारतीय संदर्भ

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात ऑर्गनॉइडला आता कायदेशीर स्थान मिळू लागले आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती शिथिल झाली. भारतातही २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींवर आधारित पर्यायी पद्धतींना वाव देण्यात आला. हे बदल स्वागतार्ह आहेत. परंतु औषध सर्वसाधारणपणे सुरक्षित व परिणामकारक आहे काय हे शोधण्यासाठी ऑर्गनॉइड वापरणे आणि एका रुग्णाचा उपचार त्यावरून ठरविणे, यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्या ठिकाणी चूक झाली तर पुढील चाचण्यांत ती सुधारता येते. दुसऱ्या ठिकाणी ती एका माणसाच्या उरलेल्या महिन्यांत मोजावी लागते. पहिल्या वापराच्या मान्यतेचा उपयोग दुसऱ्या वापराच्या जाहिरातीसाठी होणार नाही, याकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

दुसरा मुद्दा रोगाच्या स्वरूपाचा आहे. वर चर्चिलेले पुरावे मुख्यतः इंग्लंड व नेदरलँड्समधील पचनमार्गाच्या कर्करोगाचे आहेत. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा असून त्यामागे तंबाखू व सुपारी यांचे सेवन हे प्रमुख कारण आहे. आतड्याच्या गाठीवरील अनुभव तोंडाच्या गाठीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, कारण एकाच रोगात दोन औषधांचे निकाल भिन्न निघाल्याचे आपण पाहिले आहे. येथील रुग्णांच्या गाठींवर, येथे प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या औषधांचा अभ्यास झाल्याशिवाय या परीक्षेचे मूल्य येथे ठरविता येणार नाही.

तिसरा मुद्दा नीतीचा आहे. ऑर्गनॉइडचा नकार अधिक विश्वसनीय आहे, याचा अर्थ तो निर्दोष आहे असा नाही. नकाराच्या आधारे औषध न देण्याचा निर्णय काही रुग्णांना व्यर्थ त्रासापासून व खर्चापासून वाचवील. पण त्यातील एखादा नकार चुकीचा असेल तर त्या रुग्णाची एकमेव संधी हिरावली जाईल. ज्या देशात उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग कुटुंबालाच पेलावा लागतो, तेथे ‘परीक्षेत नाही आले’ हे वाक्य उपचार थांबविण्याचे सोयीचे निमित्त होण्याचा धोकाही दुर्लक्षिता येणार नाही. त्याचप्रमाणे होकाराच्या आधारे महागडे औषध घेण्यासाठी एखाद्या कुटुंबाने घर वा शेती गहाण टाकावी आणि तो होकार जेलपुरताच खरा ठरावा, हेही तितकेच गंभीर आहे. परीक्षेचा निकाल रुग्णाला सांगताना त्याच्या अनिश्चिततेसह सांगणे हे म्हणूनच सौजन्यापुरते न राहता कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ऑर्गनॉइड हे रुग्णाच्या गाठीचे आंशिक प्रतिरूप होय. ‘अवतार’ वा ‘लघु-गाठ’ या संज्ञांमुळे त्याच्या पूर्णतेविषयी गैरसमज निर्माण होतो.

२) २०१८ च्या अभ्यासातील बहुउद्धृत टक्केवारी २१ तुलनांवर आधारलेली असून ती विश्वासमर्यादा व मूळ प्रमाण यांच्यासह वाचल्यासच तिचा योग्य अर्थ लागतो.

३) औषध लागू पडणार नाही हे सांगण्यात ऑर्गनॉइड तुलनेने विश्वसनीय दिसतो. औषध लागू पडेल हे सांगण्याच्या बाबतीत २०२१ च्या अभ्यासाने गंभीर प्रश्न उपस्थित केले आहेत. तथापि सहा रुग्णांवरून अंतिम निर्णय देता येत नाही.

४) भाकितक्षमता औषधागणिक बदलते. त्यामुळे ती प्रत्येक रोगासाठी व प्रत्येक औषधासाठी स्वतंत्रपणे सिद्ध करणे अनिवार्य आहे.

५) मेळ दिसणे आणि रुग्णाचे हित होणे या दोन पायऱ्यांतील अंतर, रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या पुरेशा मोठ्या चाचण्यांनीच भरून निघेल. १९७७ ते २००४ या काळातील अनुभव हेच सांगतो.

समारोप

ऑर्गनॉइड-तंत्राने कर्करोगाच्या अभ्यासाला एक मौलिक साधन दिले आहे, यात शंका नाही. रोग कसा वाढतो, औषधाला कसा प्रतिकार करतो आणि कोणती औषधे व्यर्थ आहेत, हे समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग वाढत जाईल. परंतु साधनाची योग्यता त्याच्याविषयीच्या आशेच्या प्रमाणात वाढत नसते. महाविद्यालयीन अध्यापनात हा विषय शिकविताना यशाच्या कथेबरोबरच २०२१ चा अयशस्वी अभ्यासही विद्यार्थ्यांसमोर ठेवला जावा. ६१ रुग्णांपासून सहा रुग्णांपर्यंत आणि तेथून शून्य प्रतिसादापर्यंत जाणारी ती साखळी वाचल्यास, प्रयोगशाळेतील निरीक्षण आणि रुग्णाचे हित यांतील अंतर विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे समजेल.